शोधगंगा: प्रबंध सापडतो, तो पारखायचा कसा?

मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत पीएच.डी.साठी नोंदणी करणारे विद्यार्थी सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारतात: संदर्भ कुठे मिळतील, आणि मिळालेल्या संदर्भांवर कितपत विसंबावे? पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे, ते म्हणजे शोधगंगा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधगंगा देत नाही आणि तिने ते द्यावे ही अपेक्षाही योग्य नाही. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचायला देणारी याहून मोठी सोय आपल्याकडे नाही. तथापि एखादा प्रबंध तेथे आहे, एवढ्यावरून त्यातील प्रत्येक विधान तपासून घेतलेले आहे असे समजणे धोक्याचे आहे. या परीक्षणात मी सोयीपेक्षा पारखीवर अधिक भर देणार आहे, कारण प्रबंध पारखता येऊ लागला की मगच या भांडाराचा खरा उपयोग सुरू होतो.

शोधगंगा चालवते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना माहितीच्या जाळ्याने जोडणारे केंद्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा उपक्रम सुरू केला तेव्हा तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेअंतर्गत एक प्रकल्प होता. १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले आणि त्यातून शोधगंगेचा विस्तार झाला. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. त्यापूर्वी नांदेडच्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठातील प्रबंध पाहायचा असेल, तर विभागप्रमुखांचे पत्र घेऊन तेथे जायचे, ग्रंथालयात बसून टिपणे काढायची आणि परतायचे, हाच मार्ग होता. ज्यांच्याकडे प्रवासाला पैसे नव्हते, त्यांच्या संदर्भसूचीत ते प्रबंध येतच नसत. हा अडसर दूर झाला, हे या सेवेचे सर्वांत मोठे श्रेय आहे आणि ते मोकळ्या मनाने द्यायला हवे.

प्रत्येक प्रबंधाची नोंद एका पानावर असते: शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ, विभाग, पदवीचे वर्ष, बहुधा सारांशही. त्याखाली पीडीएफ फायलींचा तक्ता येतो. शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण आणि शेवटी संदर्भसूची अशा त्या सुट्या असतात. बहुतेक विद्यार्थी पहिले प्रकरण उघडतात. मी त्यांना उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगतो. आधी संदर्भसूची उघडावी, मग परिशिष्टे, त्यानंतर संशोधनपद्धतीचे प्रकरण आणि मग उरलेला प्रबंध. संदर्भसूचीच्या दहा-बारा पानांवरून संशोधक कोणत्या अभिलेखागारात गेला, कोणत्या आवृत्त्या त्याने वापरल्या, मूळ साधने किती आणि त्यांच्यावर लिहिलेली पुस्तके किती, हे ध्यानात येते. एखादा प्रबंध निष्कर्षांच्या दृष्टीने सामान्य असला तरी त्याची संदर्भसूची उत्तम असू शकते. तेवढ्यासाठीही तो वाचण्याजोगा ठरतो.

मराठी प्रबंध शोधताना मात्र थोडी चिकाटी लागते. अनेक मराठी प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि त्या लिप्यंतराला एकच शिस्त नाही. ‘ग्रामीण’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो, ‘साहित्यातील’ तर त्याहून अधिक तऱ्हांनी. म्हणून एका स्पेलिंगवर काही सापडले नाही तर विषयावर कामच झालेले नाही, असा निष्कर्ष काढू नये. देवनागरीत शोधावे, रोमनमध्ये स्पेलिंग बदलून शोधावे, इंग्रजी भाषांतराने शोधावे आणि तरीही शंका राहिली तर विद्यापीठ व विभाग निवडून यादी शांतपणे चाळावी. दुसरी अडचण फॉन्टची. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना नीट देवनागरी दिसते, पण त्यातील परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक पुंजका उमटतो. अशा फाइलमध्ये शब्दशोध चालत नाही. केवळ छायाचित्रासारख्या स्कॅन केलेल्या जुन्या प्रबंधांचेही तसेच. ते पानोपानी वाचावेच लागतात आणि हवा तो उतारा हाताने उतरवून घ्यावा लागतो.

आता मूळ मुद्दा, विश्वासार्हतेचा. प्रबंधाला मार्गदर्शक असतो, विद्यापीठाबाहेरचे परीक्षक तो वाचतात, मौखिक परीक्षा होते. त्यामुळे कोणीही कुठेही लिहिलेल्या मजकुरापेक्षा त्याचे वजन अधिक आहे हे खरे. पण परीक्षकांनी काय आक्षेप घेतले, कोणती दुरुस्ती सुचवली आणि ती झाली का, हे वाचकाला सहसा कळत नाही. परीक्षक संपूर्ण प्रबंधाच्या योग्यतेवर मत देतो. तळटीप क्रमांक २१४ मधील पत्राची तारीख त्याने मूळ कागदाशी ताडून पाहिलेली असेलच असे नाही, आणि आपल्याला नेमकी तीच तारीख वापरायची असते. म्हणून प्रबंध विश्वसनीय आहे का, असा सरसकट प्रश्न न विचारता, त्यातील हे विधान कशावर उभे आहे, असा प्रश्न विचारावा.

मराठ्यांच्या इतिहासातले उदाहरण घेऊ, कारण तेथे हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. अठराव्या शतकावरील प्रबंधात ‘पेशवे दफ्तर’ असा संदर्भ हमखास आढळतो. तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा असू शकतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. तेथे बसून काम केलेला संशोधक रुमालाचा क्रमांक देतो. दुसरा ‘पेशवे दफ्तर’ म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले, १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झालेले निवडक कागदांचे ४५ खंड. त्यांचा संदर्भ खंड आणि लेखांक अशा स्वरूपात येतो. हे खंड अत्यंत मोलाचे आहेत आणि त्यांचा आधार घेण्यात गैर काहीच नाही. परंतु ती निवड आहे. प्रचंड दफ्तरातून संपादकाला त्या वेळी महत्त्वाचे वाटले ते कागद त्यात आले. बायका, कारागीर, गावगाडा, वतनाचे तंटे यांविषयीचे कितीतरी कागद रुमालांतच राहिले. ‘पेशवे दफ्तरात याविषयी उल्लेख आढळत नाही’ असे विधान प्रबंधात दिसले, की संशोधक यांपैकी कोणत्या दफ्तराविषयी बोलतो आहे हे तळटिपांवरून पडताळलेच पाहिजे. छापील खंडात उल्लेख नसणे आणि दफ्तरात नसणे यांत फार मोठे अंतर आहे.

तारखांचेही तसेच. त्या काळच्या अनेक पत्रांत महिना आणि चंद्र दिलेला असतो, ‘छ’ या अक्षरापुढे आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव, पण वर्ष दिलेले नसते. छापताना संपादक मजकुरातील घटना आणि जंत्री (वेगवेगळ्या कालगणनांतील तारखांचा मेळ दाखवणारा तक्ता) यांच्या आधारे वर्ष ठरवतो. म्हणजे छापील पुस्तकातील इसवी सनाची तारीख हा पुष्कळदा विद्वान संपादकाचा तर्क असतो, पत्रलेखकाने लिहिलेली तारीख नव्हे. चांगला प्रबंध हा भेद सांगतो, मतभेद असतील तर नोंदवतो आणि आपण कोणती तारीख का स्वीकारली याचे कारण देतो. कच्चा प्रबंध तारीख उतरवून पुढे जातो. अशा एखाद्या तळटिपेवरून मला प्रबंधाच्या बाकीच्या दोनशे पानांविषयी बराच अंदाज येतो.

यावरून मी विद्यार्थ्यांना एक सवय लावायचा प्रयत्न करतो. ज्या प्रबंधाचा आधार घ्यायचा आहे, त्यातील आपल्या उपयोगाच्या चार-पाच तळटिपा निवडाव्यात आणि मूळ ग्रंथ काढून पान उघडून पाहावे. उतारा तेथे आहे का? शब्दशः आहे का? मागचे-पुढचे वाक्य वाचल्यावर अर्थ तोच राहतो का? प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती जुळते का? एकाच विषयावरचे दोन-तीन प्रबंध शेजारी ठेवले तर कधी कधी एकच चुकलेले प्रकाशनवर्ष किंवा एकच अर्धवट उतारा सगळीकडे सापडतो. त्याचा अर्थ पुढच्यांनी मूळ पुस्तक न उघडता मागच्याच्या तळटिपेवरून आपली तळटीप लिहिली. तेव्हा एका गोष्टीला तीन आधार मिळाले असे समजू नये. आधार एकच आहे आणि तोही तपासायचा राहिला आहे. मूळ ग्रंथ हाती लागत नसेल तर ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

प्रबंधाच्या शेवटी जोडलेल्या शोधनिबंधांकडेही डोळसपणे पाहावे लागते. आयोगाच्या २००९ आणि २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधनपत्रिकेत निबंध प्रसिद्ध करणे आवश्यक होते. २०२२ च्या नियमावलीत ही अट राहिली नाही. हेतू चांगला होता, पण हजारो विद्यार्थ्यांना ठरावीक मुदतीत निबंध छापून हवे असल्याने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना बाजारपेठ मिळाली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. पुण्यातील संशोधकांचाही त्यात सहभाग होता. १,००९ नियतकालिके तपासून त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. खोटे आयएसएसएन (नियतकालिकाचे ओळख) क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टरचे, म्हणजे निबंधांचा आधार किती घेतला जातो याच्या सरासरीचे, खोटे दावे, न सापडणारे पत्ते आणि संपादक असे प्रकार त्यात आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि २०१९ मध्ये यूजीसी-केअर ही नवी यादी आली, जिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि नियतकालिक निवडण्यासाठी सूचक निकष देण्यात आले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आज विद्यार्थ्याला एखादी सरकारी यादी दाखवून ‘यात आहे म्हणजे चांगले’ असे सांगता येत नाही. जबाबदारी विद्यार्थ्याची, मार्गदर्शकाची आणि विद्यापीठाची आहे.

मला स्वतःला या बदलाविषयी काळजी वाटते. मोठ्या विद्यापीठात ग्रंथपाल, अनुभवी सहकारी, चर्चासत्रे असतात. तालुक्याच्या महाविद्यालयात एकट्याने काम करणाऱ्या संशोधकाला यादीचा आधार वाटत असे. त्याच्यासाठी निदान काही खुणा सांगता येतील. संपादक मंडळातील दोन-तीन नावे त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधावीत आणि तेथे या नियतकालिकाचा उल्लेख आहे का पाहावे. एकाच अंकात मराठी कविता, खतांचे रसायनशास्त्र आणि बँकिंग असे सगळे एकत्र असेल तर थांबावे. निबंध पाठवल्यापासून तीन-चार दिवसांत स्वीकृती देण्याचे आश्वासन असेल तर तेथे समीक्षा होत नाही हे उघड आहे. आयएसएसएन क्रमांक ही केवळ नियतकालिकाची ओळख आहे, तो दर्जाचा दाखला नाही. ही एक गोष्ट जरी सर्वांच्या मनात पक्की झाली तरी पुष्कळ फसवणूक टळेल. मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या, नियतकालिकांसाठी डीओएजे ही आंतरराष्ट्रीय निर्देशिका उपयोगी पडते. मराठीतील ‘भाषा आणि जीवन’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ यांसारखी नियतकालिके मात्र आंतरराष्ट्रीय निर्देशिकांच्या मोजपट्टीने मोजू नयेत. त्यांचे जुने अंक काढावेत, कोण लिहीत आले, लेखांना प्रतिवाद कसे झाले हे वाचावे. त्यावरून त्यांची पत कळते.

विज्ञान, वैद्यक, मानसशास्त्र या विषयांत आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. प्रबंधात आधारासाठी घेतलेला निबंध नंतर मागे तर घेतला गेला नाही ना? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापलेला, गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेण्यात आला. त्याआधीच्या बारा वर्षांत लिहिलेल्या प्रबंधात तो आधार म्हणून आला असेल, तर ती नोंद आज आपोआप दुरुस्त होत नाही. प्रबंध जमा झाला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो. ‘रिट्रॅक्शन वॉच’ या संकेतस्थळाने जमवलेली मागे घेतलेल्या निबंधांची माहिती २०२३ पासून निबंधांना डीओआय क्रमांक नोंदवून देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे असून ती सर्वांना खुली आहे. निबंधाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, घेऊन मूळ प्रकाशकाच्या पानावर जाणे आणि तेथे मागे घेतल्याची सूचना आहे का ते पाहणे, याला फार वेळ लागत नाही.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालाविषयी थोडक्यात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि प्रबंधाबरोबर असा अहवाल अनेकदा जोडलेला असतो. त्यावरून एवढेच कळते, की यंत्राला त्याच्याजवळच्या मजकुराशी किती साम्य सापडले. विधान खरे आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या जुन्या मराठी पुस्तकांचा मजकूर शोधता येईल अशा रूपात कुठेच उपलब्ध नाही, त्यांच्यातून उचललेली पाने यंत्राला कशी सापडणार?

शोधगंगेला जोडून आणखी दोन साधने हाताशी ठेवावीत. गूगल स्कॉलर २००४ पासून चालू आहे आणि एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे पाहण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र त्यात निवड यंत्र करते, त्यामुळे उत्तम नियतकालिक आणि पैसे घेऊन छापणारे नियतकालिक एकाच यादीत शेजारी दिसतात. उद्धृतांचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. दुसरे साधन ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली आणि तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली झाली. तिचे काम इन्फ्लिबनेटमार्फतच चालते. आपली संस्था तीत आहे का, हे ग्रंथपालांना आजच विचारावे. प्रबंधाच्या तळटिपेतील इंग्रजी निबंध पूर्वी केवळ सारांशापुरता वाचता येत असे, तो आता अनेकांना पूर्ण उघडून ताडून पाहता येईल. ज्यांची महाविद्यालये या योजनेबाहेर आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग अजून बंद आहे, ही खेदाची बाब आहे.

शोधगंगेकडून माझ्या अपेक्षा दोनच आहेत. मराठीसह सर्व भारतीय भाषांतील प्रबंधांची शीर्षके मूळ लिपीत आणि एका ठरलेल्या लिप्यंतरात अशी दोन्ही रूपांत नोंदवली जावीत, आणि स्कॅन केलेल्या जुन्या प्रबंधांचा मजकूर शोधता येईल असा करावा. पहिल्या कामाची सुरुवात खरे तर विद्यापीठांच्या ग्रंथालयांतूनच होऊ शकते, कारण नोंदी तेथूनच भरल्या जातात. २००९ पूर्वीचे कितीतरी महत्त्वाचे मराठी प्रबंध आजही फक्त कपाटांत आहेत. त्यांच्यासाठी संबंधित विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडेच जावे लागेल आणि शोधगंगेवर नाही म्हणून तो विषय अस्पर्शित आहे असे आपल्या आराखड्यात लिहिण्यापूर्वी ही फेरी करणे आवश्यक आहे. सध्या चालू असलेल्या संशोधनाचे आराखडे पाहण्यासाठी याच केंद्राची शोधगंगोत्री आहे, तीही चाळावी.

तुमच्या प्रबंधात शोधगंगेवरील प्रबंधाचा संदर्भ देताना संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता देऊ नका. प्रत्येक नोंदीला १०६०३ या आकड्याने सुरू होणारा कायमस्वरूपी हँडल क्रमांक असतो. संशोधकाचे नाव, शीर्षक, विद्यापीठ आणि पदवीचे वर्ष यांच्यापुढे तो लिहावा. पृष्ठक्रमांक देताना काळजी घ्यावी. प्रकरणे सुट्या फायलींत असल्याने पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि प्रबंधाच्या पानावर छापलेला आकडा वेगळे असतात. तळटिपेत छापलेला आकडाच द्यावा, म्हणजे ज्याच्या हाती ग्रंथालयातील बांधलेली प्रत असेल त्यालाही तेच पान सापडेल.